बुरूज बांधण्यापूर्वी

शास्त्रपाठ : लूककृत शुभवर्तमान, अध्याय १४, ओव्या २८ ते ३०



बुरूज बांधू पाहणाऱ्या मनुष्याचा दाखला अवघ्या तीन ओव्यांचा आहे. परंतु ज्या घरात मुलगा किंवा मुलगी दहावी-बारावीच्या वर्गात बसली आहे, त्या घराने तो आज पुन्हा उघडून वाचावा अशी आमची विनंती आहे. शहाणा मनुष्य पहिला दगड बसविण्याआधी स्वतः खाली बसतो, आणि काम तडीस नेण्याइतके आपल्यापाशी आहे की नाही हे मोजून पाहतो. जो मोजीत नाही त्याचा पाया तेवढा उभा राहतो, आणि वाटेने जाणारे येणारे त्याला हसतात. प्रभू तेथे शिष्यपणाच्या किमतीविषयी बोलत होता, हे आम्ही विसरत नाही. तरी एवढी मोठी गोष्ट समजविण्यासाठी त्याने घरखर्चाचा हिशेब निवडावा, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. हिशेब करणे हे अविश्वासाचे लक्षण असते, तर प्रभूने त्याचा दृष्टान्त दिला नसता.

आमच्या खेड्यांत असे अर्धवट बुरूज थोडे नाहीत. मुलगा पहिल्या वर्षाची फी कशीबशी भरून महाविद्यालयात जातो. दुसऱ्या वर्षी पैसा सरतो व तो घरी परततो. हाती पदवी नाही, आणि बापाचा धंदाही अंगवळणी पडलेला नाही. मग गावात बोलणे निघते की शिकून याने काय मिळविले? त्या एका बोलण्याने पाठच्या भावंडांची शाळा सुटते. दोष मुलाच्या बुद्धीचा नसतो व बापाच्या प्रेमाचाही नसतो. दोष एवढाच की खाली बसून कोणी मोजले नव्हते. म्हणून आज आम्ही चार गोष्टी आपणापुढे ठेवीत आहो.

पहिली गोष्ट : आधी मोजा.

पूर्वी पनवेल तालुक्यात मोडणाऱ्या उरण भागात, द्रोणागिरीच्या पायथ्याशी करंजा हे मच्छीमारांचे गाव आहे. तेथील घराचा विचार करा. जून व जुलै महिन्यांत मासेमारीस बंदी असते. होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, जाळी विणण्याचे व डागडुजीचे काम चालते, आणि घरात पैसा येत नाही. नेमक्या ह्याच दिवसांत महाविद्यालयांचे प्रवेश होतात व फी भरावी लागते. शेजारच्या भातशेतीच्या गावांतही निराळे नाही. लावणीच्या दिवसांत पैसा घरातून बाहेर जातो, आत येत नाही. म्हणजे वर्षातील सर्वांत रिकाम्या पेटीपाशी वर्षातील सर्वांत मोठा खर्च येऊन उभा राहतो. जो बाप हे आधी पाहत नाही, तो जुलैमध्ये सावकाराच्या दारी जातो.

मोजताना केवळ फी मोजू नका. परीक्षा शुल्क, पुस्तके, जाण्यायेण्याचे भाडे, वसतिगृह, खाणावळ, प्रवेशाच्या वेळी भरावयाची अनामत रक्कम, हे सर्व कागदावर मांडा. आणि मुलगा शिकत असता होडीवर एक हात कमी पडणार, त्याची भरपाई कशी होणार, हेही लिहा.

उदाहरणादाखल समजा की सर्व मिळून पहिल्या वर्षाचा खर्च ६०,००० रुपये आहे व तो दर वर्षी दहा टक्क्यांनी वाढतो. तर चार वर्षांचे मिळून २,७८,४६० रुपये होतात. हा आकडा ऐकून छाती दडपते. पण मुलगी आठवीत असतानाच हिशेबास आरंभ केला, आणि बंदीचे दोन महिने सोडून वर्षाचे दहा महिने धरले, तर बारावीपर्यंत ५० महिने मिळतात. आणि महिन्यास सुमारे ५,५७० रुपये बाजूस पडले की काम होते. तेही जड वाटेल. परंतु फीचा अर्धा किंवा सगळा भार सरकारी योजनेने उचलला तर हा आकडा पुष्कळ खाली येतो. ते पुढे सांगू. बारावीच्या निकालादिवशी मोजू लागणाऱ्याला मात्र हे ५० महिने कोणी परत देत नाही.

योसेफाने मिसर देशात काय केले ते आपणास ठाऊक आहे. सुबत्तेच्या सात वर्षांत त्याने उत्पन्नाचा पाचवा हिस्सा कोठारांत घातला, म्हणून दुष्काळाच्या सात वर्षांत लोक जगले (उत्पत्ती, अध्याय ४१). करंजाच्या घराला सुबत्ता व टंचाई सात-सात वर्षांनी येत नाही. ती प्रत्येक वर्षी येते. म्हणून योसेफाचा नियम त्याला दर वर्षी पाळावा लागेल. मासळी चांगली लागेल त्या महिन्यांत एक हिस्सा टपाल कार्यालयात किंवा बँकेत, मुलाच्या नावे, जावा. मुलगी दहा वर्षांच्या आतील असेल तर २०१५ साली सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी योजनेत वर्षाला किमान २५० रुपयांनीही खाते चालते. आणि ती अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर शिक्षणासाठी शिलकेच्या अर्ध्यापर्यंत रक्कम काढता येते.

येथे एक कटू गोष्ट बोलणे आम्हांस प्राप्त आहे. आपल्या ह्या किनाऱ्यावर हळदीच्या एका रात्रीत जेवढा पैसा मंडप, बाजा व जेवणावळीत जातो, तेवढ्यात कित्येक मुलांचे एक-एक वर्ष पार पडेल. नवी मुंबईसाठी व पुढे बंदरासाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील जमिनी गेल्या. ज्यांनी १९८४ साली दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, त्यांच्यापैकी पाच जणांनी प्राण वेचले, तेव्हा साडेबारा टक्के भूखंडाचा हक्क पदरात पडला. पण जमिनीचा पैसा किती घरांत टिकला हे ज्याचे त्याने आपल्या अंगणात उभे राहून पाहावे. जमीन घेतली जाते, पैसा सरतो; शिकलेल्या मुलीच्या डोक्यातील विद्या कोणाच्या संपादनात जात नाही.

दुसरी गोष्ट : आपला हक्क ओळखा व तो सत्याने मागा.

यरुशलेमेत शिपाई पौलाला फटके मारावयास सिद्ध झाले, तेव्हा त्याने शताधिपतीला शांतपणे विचारले की रोमी मनुष्याला चौकशीवाचून फटके मारणे कायद्याला धरून आहे काय? सरदार घाबरला. त्याने स्वतः ते नागरिकत्व पुष्कळ पैसा देऊन मिळविले होते. पौल मात्र जन्मानेच रोमी होता (प्रेषितांची कृत्ये, अध्याय २२). जन्माने मिळालेला हक्क सांगण्यात पौलाला लाज वाटली नाही. तो भीक मागत नव्हता.

महाराष्ट्रात राहणाऱ्या कुटुंबालाही असे काही हक्क आहेत, आणि आमच्या खेड्यांत ते केवळ अज्ञानामुळे वाया जातात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील जागांपैकी १५ टक्के अखिल भारतीय वाट्यास जातात व ८५ टक्के राज्यातील विद्यार्थ्यांसाठी राहतात. अलिबागेस २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि करंजाच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरले की अलिबाग दूर नाही. परंतु राज्याच्या वाट्यातील जागेसाठी केवळ येथे घर असून भागत नाही. अधिवासाचा दाखला लागतो, आणि सर्वसाधारणपणे दहावी व बारावी ह्या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हाव्या लागतात. मोठ्या शिकवणीच्या ओढीने जे आईबाप मुलाला दहावीनंतर परराज्यात ठेवतात व बारावी तेथूनच देववितात, ते हा हक्क गमावण्याचा धोका पत्करतात. पाऊल उचलण्यापूर्वी त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचा.

फीविषयी म्हणाल तर, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत असलेल्या खुल्या प्रवर्गातील मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाने शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिच्यातून शिक्षण व परीक्षा शुल्काचा अर्धा भार शासन सोसते. आणि २०२४-२५ च्या वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास ह्या प्रवर्गांतील, त्याच उत्पन्नमर्यादेतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे शासन भरते. घरातील मुलगी हुशार असता मुलाला पुढे पाठवून तिला घरी बसविणारा बाप आता पैशाचे कारण सांगू शकत नाही. ते कारण पुष्कळ अंशी गेले आहे.

ख्रिस्ती समाज धार्मिक अल्पसंख्याक असल्यामुळे उच्च व व्यावसायिक शिक्षणासाठी राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. ह्या सर्वांचे अर्ज महाडीबीटी ह्या शासकीय संकेतस्थळावर दर वर्षी भरावे लागतात. एकदा भरून काम संपत नाही.

तीन सावधगिऱ्या सांगतो. एक, ह्या योजनांचा लाभ प्रायः शासनाच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून जागा मिळालेल्यांनाच होतो. संस्थेच्या पातळीवर पैसे मोजून घेतलेल्या जागेला होत नाही. दोन, शिष्यवृत्तीची रक्कम पुष्कळदा उशिरा येते, म्हणून तिच्या भरवशावर हात रिकामा ठेवू नका. तीन, जागा मिळवून देतो म्हणून देणगी मागणारा मनुष्य दारी आला तर त्याला वाट दाखवा. महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने प्रवेशासाठी देणगी घेण्यास मनाई आहे.

कागदपत्रे बारावीच्या निकालानंतर गोळा करू नका. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, लागू असल्यास जातीचा दाखला, उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र हे सर्व अकरावीतच हाती घ्या. जून महिन्यात सेतू केंद्रापुढे रांग असते आणि जात वैधतेच्या कामास तर महिने लागतात. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अनेक दाखल्यांस मुदत ठरविली आहे. मुदत टळली तर वरिष्ठाकडे अपील करण्याचा अधिकार आपणास आहे. तो नम्रतेने पण न भिता वापरावा.

आता जी गोष्ट पुष्कळ घरांच्या अंतःकरणात सलते तीही बोलू. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशाप्रमाणे तो दर्जा प्रथम हिंदू धर्मीयांपुरता होता. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधवांस तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांस मिळालेला नाही. ह्या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन् ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. अनुसूचित जमातींच्या आदेशात मात्र धर्माची अशी अट नाही. म्हणून आमच्या आदिवासी बांधवांनी व्यर्थ भिऊ नये. ह्या भेदाचे दुःख खरे आहे व त्याविरुद्ध सनदशीर मार्गाने बोलणे योग्य आहे. परंतु रविवारी एक नाव व तहसील कार्यालयात दुसरे नाव, ही वाट आमच्या मुलांना शिकवू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की श्रद्धा नसता केवळ आरक्षणासाठी धर्म बदलल्याचे दाखविणे ही राज्यघटनेची फसवणूक होय. आणि न्यायालय बोलले नसते तरी, ज्या पदवीचा पाया खोट्या कागदावर आहे ती मुलाला जन्मभर भीतीत ठेवते. उत्पन्नाच्या दाखल्याचेही तसेच. पौलाने जो हक्क मागितला तो खरा होता, म्हणून तो निर्भय होता. आमच्यासाठी उघड्या असलेल्या खऱ्या वाटा वर सांगितल्या आहेत. त्या पुऱ्या चालून पाहिल्याशिवाय कोणी खोट्या वाटेचा विचार करू नये.

तिसरी गोष्ट : जवळचे तुच्छ मानू नका, आणि कर्ज भिऊन पण समजून काढा.

दूरचे व महाग तेच चांगले, असा एक भ्रम आहे. करंजाच्या मुलाला उरण येथे कोकण ज्ञानपीठाचे महाविद्यालय आहे. फुंडे येथे रयत शिक्षण संस्थेचे वीर वाजेकर महाविद्यालय आहे. पनवेलीस महात्मा फुले महाविद्यालय आहे. माणगावजवळ लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. जानेवारी २०२४ पासून लोकल गाडी उरणपर्यंत धावू लागली आहे. आणि मुलींना पदवीपर्यंत व मुलांना बारावीपर्यंत घर ते शिक्षणसंस्था असा रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य मिळतो. घरी राहून शिकणाऱ्या मुलाचा वसतिगृह व खाणावळीचा खर्च वाचतो, आणि कित्येकदा तोच खर्च फीहून मोठा असतो. ज्याला दिवसा काम करणे भाग आहे त्याला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

रयत शिक्षण संस्थेचे नाव घेतले म्हणून सांगतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ती १९१९ साली काले येथे स्थापिली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले. कमवा व शिका हे त्या संस्थेचे तत्त्व होते, आणि आजही अनेक महाविद्यालयांत त्या नावाची योजना चालते. ग्रंथालयात पुस्तके लावून किंवा बागेत काम करून फी मिळविणाऱ्या मुलाची मान खाली जात नाही.

इतके करूनही कमी पडले तर कर्ज. बँकेच्या शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत सर्वसाधारणपणे तारण मागत नाहीत, आणि परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षाने सुरू होते. मात्र मधल्या काळाचे व्याज चढत असते हे विसरू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत निवडक नामांकित संस्थांत प्रवेश मिळालेल्यांस तारणावाचून कर्ज मिळते, व आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांस दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सूट आहे. सावकाराचे कर्ज व हे कर्ज एक नव्हे. तरी ज्या अभ्यासक्रमातून कोणते काम मिळेल हे मुलाला किंवा बापाला सांगता येत नाही, त्यासाठी मोठे कर्ज काढू नये. डॉ. आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. १९२० साली पुन्हा लंडनला निघाले तेव्हा प्राध्यापकीत साठविलेली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांजकडील पाच हजारांचे कर्ज ह्यांवर निघाले. शिल्लक, साहाय्य व कर्ज असे तीन भाग त्यांत होते, आणि पुढचे काम स्पष्ट होते.

चौथी गोष्ट : शेजाऱ्यांनी आपली भांडी द्यावी.

संदेष्ट्यांच्या मंडळीतील एक विधवा अलीशाकडे रडत आली. सावकार तिच्या दोन्ही मुलांना दास करून नेण्यास आला होता. अलीशाने विचारले, घरात काय आहे? तिच्यापाशी तेलाची एक कुपी होती. मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावयास त्याने सांगितले, आणि थोडी आणू नको असेही सांगितले (दुसरे राजे, अध्याय ४). चमत्कार देवाचा होता. परंतु भांडी शेजाऱ्यांची होती. शेजाऱ्यांनी दारे लावली असती तर तेल कशात ओतले असते?

म्हणून मंडळीतील वडिलांस व उपदेशक बंधूंस आमचे मागणे आहे. आपल्या मंडळीत आठवीपासून पुढील प्रत्येक मुलामुलीचे नाव एका वहीत लिहा. त्यापुढे कोणता दाखला झाला, कोणता राहिला, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की नाही, हे लिहा. निरक्षर आईबापांबरोबर एक दिवस सेतू केंद्रात जाणे हीसुद्धा सेवा आहे. ज्या मुलाने मागच्या वर्षी अर्ज भरला, त्याला ह्या वर्षीच्या दोघांना शिकवावयास सांगा. कापणीच्या सणाच्या अर्पणातील एक भाग शिक्षणनिधीत ठेवा, आणि तो नेमका जुलै महिन्यात बिनव्याजी उपयोगास द्या. शिष्यवृत्ती आली की घराने तो परत करावा. ह्यासाठी मोठी रक्कम लागत नाही. दोन-तीन घरांची पहिली फी वेळेवर भरली जाईल एवढी असली तरी सावकाराचे दार त्या वर्षी बंद राहते.

अहमदनगरचे महाविद्यालय १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे ह्यांनी उभे केले. तेही बुरूजच होते, आणि ते अर्धवट राहिले नाही. आमच्या खेड्यातील मुलीचे एक वर्ष पुरे करणे हे त्यापेक्षा लहान काम आहे, पण ते त्याच जातीचे आहे.

वाचकहो, ह्या आठवड्यात एका संध्याकाळी जेवण झाल्यावर दिवा लावून बसा. मुलाला व मुलीला, दोघांनाही, जवळ घ्या. हिशेब त्यांच्यापासून लपवू नका. एका कोऱ्या कागदावर डावीकडे खर्च व उजवीकडे जे आपल्यापाशी आहे ते लिहा. जेथे उजवी बाजू तोकडी पडेल तेथे हक्क, शिल्लक, काम, मंडळी ह्यांपैकी कोण उभे राहील ते लिहा. मग तो कागद प्रभूपुढे ठेवून प्रार्थना करा. जो कागद आम्ही लिहिला नाही त्याच्यासाठी प्रार्थना करणे कठीण असते; जो लिहिला त्याच्या प्रत्येक ओळीसाठी मागता येते.

ज्याने बुरुजाचा खर्च मोजावयास शिकविले तो प्रभू आपल्या घरांतील मुलांचे आरंभिलेले शिक्षण शेवटास नेण्याची बुद्धी, चिकाटी व एकमेकांविषयी कळकळ आपणा सर्वांस देवो. आमेन.